अल्प, मध्यम आणि पांढरा

नोकरीची सगळी वर्षं मी एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात व्हाउचरं तपासत काढली. डेबिट डावीकडे आणि क्रेडिट उजवीकडे, यापलीकडे अर्थशास्त्राशी माझा संबंध आलेला नाही. पण आमच्या डोंबिवलीत ‘अकाउंट्सला आहेत’ म्हटलं की लोक ‘अर्थतज्ज्ञ आहेत’ असं ऐकतात. एफडी मोडावी की ठेवावी, सोनं आता घ्यावं की दसऱ्याला, असे प्रश्न घेऊन शेजारीपाजारी माझ्याकडे येतात. मी कपाळाला आठ्या घालतो, थोडा वेळ खिडकीबाहेर बघतो आणि “जरा थांबा” म्हणतो. या सल्ल्याने आजवर कोणी बुडालेलं नाही. माझी सगळी कीर्ती एवढ्यावर उभी होती.

ही कीर्ती आमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांपर्यंत पोचली. अर्थसंकल्पाच्या आधी सभासदांसाठी एक व्याख्यान ठेवायचं होतं आणि ठरलेल्या प्राध्यापकांचा घसा आयत्या वेळी बसला होता. “तुम्ही फक्त शब्द समजावून सांगा,” कार्यवाह म्हणाले. “महागाई म्हणजे काय, तूट म्हणजे काय, समाजवाद म्हणजे काय. मतं नकोत. वाद होईल असं काही नको. फक्त शब्द.”

मी लगेच हो म्हणालो. बायको म्हणाली, “अहो, घरातली तूट तुम्हाला समजावून सांगता येत नाही, देशाची काय सांगणार?” पण तीही पहिल्या रांगेत येऊन बसली.

मी सगळ्यात सोपा शब्द आधी घेतला. “मंडळी, महागाई कमी झाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर अवघा ०.२५ टक्के होता.”

“कुठल्या दुकानात?” दुसऱ्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं.

त्या बाजारातून परस्पर आल्या होत्या. मांडीवरच्या कापडी पिशवीतून त्यांनी खोबरेल तेलाची बाटली काढली, चष्मा कपाळावर चढवला, बाटली डोळ्यांशी नेऊन छापील किंमत मोठ्याने वाचली, मग गेल्या वर्षीची किंमत तोंडपाठ सांगितली. नंतर उठून ती बाटली माझ्या टेबलावर, पाण्याच्या ग्लासाशेजारी, लेबल माझ्याकडे करून ठेवली. व्याख्यान संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.

मी समजावलं, की महागाईचा दर कमी होणं म्हणजे भाव उतरणं नव्हे. भाव वाढण्याचा वेग कमी होणं.

“म्हणजे भाव वाढलेलेच आहेत?”

“हो.”

“मग कमी काय झालं?”

“वाढणं कमी झालं.”

काकूंनी शेजारणीकडे पाहिलं आणि शेजारणीने माझ्याकडे. मी घाईघाईने निर्देशांकाकडे वळलो. या दरामागे २०१२ साल पायाभूत धरलेली एक टोपली होती, तिच्यात खाण्यापिण्याच्या वस्तूंचा वाटा जवळपास ४६ टक्के होता, त्यामुळे वर्षभरात भाज्या आणि डाळी उतरल्या की तेल, खोबरं चढलं तरी एकूण दर खाली यायचा, हे सांगितलं. घरासाठी त्या टोपलीत १० टक्के धरले होते, हे सांगताना माझाच आवाज बारीक झाला, कारण माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा घरभाड्यात जातो आणि ते माहीत असलेली व्यक्ती पहिल्या रांगेत बसली होती. टोपलीत डीव्हीडी प्लेअर आणि कॅसेटसुद्धा होत्या, हे माझ्या तोंडून अनवधानाने निघून गेलं. “त्या स्वस्त झाल्या असतील,” मागून कोणीतरी म्हणालं.

सावरण्यासाठी मी रिझर्व्ह बँकेला पुढे केलं. “काळजी नको. २०१६ पासून कायद्याने महागाईचं उद्दिष्ट ठरवलेलं आहे. चार टक्के. दोन वर, दोन खाली.”

“उद्दिष्ट?” काकू म्हणाल्या. “म्हणजे महागाई वाढावी असं त्यांनी ठरवून ठेवलंय?”

अर्थशास्त्रात याला किंमतस्थैर्य म्हणतात. मी तो शब्द गिळला.

मग तूट घेतली. ही माझ्या हुकमी प्रांतातली गोष्ट होती, कारण आकडे मी पाठ करून गेलो होतो. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपयांचा. राजकोषीय तूट १५.६९ लाख कोटी, म्हणजे जीडीपीच्या ४.४ टक्के. काही वर्तमानपत्रं हिलाच वित्तीय तूट म्हणतात. महसुली तूट ५.२४ लाख कोटी. आणि प्राथमिक तूट २.९३ लाख कोटी.

“अहो, पण अर्थसंकल्प एकच ना?” बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले. त्यांना उत्तर माहीत होतं. असे लोक व्याख्यानाला येऊच नयेत.

मी म्हणालो, एकच. पण वर्षभरात कर्ज किती काढावं लागणार हे सांगते ती राजकोषीय तूट. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं असा रोजचा खर्च रोजच्या उत्पन्नातून भागतो का, हे सांगते ती महसुली. आणि राजकोषीय तुटीतून जुन्या कर्जाचं १२.७६ लाख कोटींचं व्याज वजा केलं, की उरते ती प्राथमिक. टीव्हीवरच्या चर्चेत विरोधी बाजू पहिली सांगते, सत्ताधारी बाजू शेवटची सांगते, आणि दोघंही खरं बोलत असतात.

बायकोने हात वर केला. घरात ती कधी हात वर करत नाही. “म्हणजे व्याज धरायचंच नाही? मग स्कूटरचा आणि फ्रिजचा हप्ता सोडला तर आपणही खाऊनपिऊन सुखी आहोत की!”

टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळच्या पहिल्याच. पूर्वी अर्थसंकल्पी तूट नावाची आणखी एक तूट असायची, तिच्यात बाजारातून उचललेलं कर्ज जमेच्या बाजूला धरलं जायचं आणि १९९७-९८ पासून ती मोजणं सोडून दिलं, हेही मी सांगणार होतो. पण उसने आणलेले पैसे मिळकत म्हणून दाखवायची पद्धत बायकोसमोर उघड करणं मला धोक्याचं वाटलं. माझ्या डायरीत ती अजून चालू आहे.

कार्यवाहांनी खुणेने मला राजकीय शब्दांकडे वळायला सांगितलं. त्यांना वाटलं, तिकडे शांतता असेल.

मी डावे आणि उजवे यांपासून सुरुवात केली. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले आणि बदल मागणारे डाव्या हाताला, त्यावरून ही नावं पडली. एवढं ऐकताच सभागृहातल्या प्रत्येकाने आपण कुठे बसलो आहोत ते पाहिलं. आमच्या वाचनालयात डावीकडे चालू पंखा आहे आणि उजवीकडे बंद पडलेला. साहजिकच सगळी सुखवस्तू मंडळी डावीकडे होती आणि उशिरा आलेले उजवीकडे घाम पुसत होते. आयुष्यभर उजव्या विचारांचा झेंडा धरलेले एक गृहस्थ पंख्याखाली बसले होते, ते अस्वस्थ झाले. पण उठले नाहीत.

“शरद जोशींना कुठे बसवाल?” मागून प्रश्न आला. विचारणाऱ्याच्या बोलण्यावरून ते नाशिककडचे वाटले. चाकणच्या कांदा आंदोलनापासून रस्ते अडवणारा, लाखो शेतकरी रस्त्यावर आणणारा नेता म्हणून पाहिलं तर डावीकडे. बाजार खुला करा, सरकारने शेतीतून हात काढून घ्यावा, ही मागणी म्हणून पाहिलं तर उजवीकडे. मी दोन्ही पंख्यांकडे पाहिलं आणि म्हणालो, “दारात.” हे उत्तर कोणालाच आवडलं नाही.

उदारमतवादी हा शब्द मला हात देईल असं वाटलं होतं, कारण गोपाळ कृष्ण गोखल्यांबद्दल कोणी वाईट बोलत नाही. पण कोपऱ्यातल्या एका तरुणाने मोबाइलवरून मान वर केली आणि सांगितलं, की अमेरिकेत लिबरल म्हणजे डावीकडचे, ऑस्ट्रेलियात लिबरल पक्ष म्हणजे उजवीकडचा, आणि जपानमध्ये लिबरल डेमोक्रॅटिक पार्टी हा १९५५ पासूनचा परंपरावादी पक्ष आहे. “आणि सर, आपल्याकडे १९९१ला जे उदारीकरण झालं, त्यात उदार कोण होतं?” मी पाणी प्यायलो. पिताना बाटलीवरची किंमत दिसली.

शेवटी समाजवाद. पहिल्या रांगेत मफलर गुंडाळलेले एक आजोबा बसले होते. तरुणपणी राष्ट्र सेवा दलात, आणीबाणीत तुरुंगात, आणि आता रोज सकाळी वाचनालयात सगळी वर्तमानपत्रं एकट्याने अडवून. मी म्हणालो, “१९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द आले.”

“तेव्हा समाजवादी कुठे होते?” आजोबांनी विचारलं.

मी वहीत पाहिलं. वहीत ते नव्हतं.

“तुरुंगात,” आजोबा म्हणाले. “मधु लिमये तुरुंगात, जॉर्ज तुरुंगात. माणसं आत आणि शब्द उद्देशिकेत.”

सभागृह गप्प झालं. मी ती संधी साधून माझा हुकमाचा एक्का काढला. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यात २९-अ हे कलम आहे. त्यानुसार निवडणूक आयोगाकडे नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे खासगीकरणवाला पक्ष असो, बाजारवाला असो की आणखी कोणी, कागदावर आपल्याकडे सगळेच समाजवादी. ज्याला समाजवाद मुळातून अमान्य आहे, त्यालाही निवडणूक लढवायला पक्ष काढायचा तर आधी समाजवादी व्हावं लागतं.

“आयुष्य घालवलं मी हे राज्य आणायला,” आजोबा मफलर सोडत म्हणाले, “आणि ते १९८९लाच आलं म्हणता!”

पंख्याखालचे गृहस्थ पहिल्यांदा हसले. २०२४च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हे दोन शब्द काढून टाकायच्या याचिका फेटाळल्या, हे मी सांगायला गेलो तर दोघंही एकदम बोलायला लागले. उद्देशिकेच्या हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ आहे आणि मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’, यावर डाव्या पंख्याखालीच दोन गट पडले. कार्यवाह आता उभे राहिले होते आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होते. त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं.

मी समारोपाला आलो. “असो. शेवटी या सगळ्या वादात आपण मध्यमवर्गीय माणसं...”

“मध्यमवर्गीय म्हणजे कोण?” बँकवाल्या काकांनी विचारलं.

“म्हणजे... मी,” मी स्वतःकडे बोट दाखवलं.

“कागद आहे?”

सभा तिथेच संपली. शाल आणि श्रीफळ ठरलं होतं, पण नारळाचे भाव पाहून समितीने गुलाबाच्या फुलावर भागवलं. काकूंनी आपली बाटली उचलून पिशवीत घातली.

पण ‘कागद आहे?’ हा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. मुलीचं बारावीचं वर्ष होतं, प्रवेशाचे आणि घराचे फॉर्म एकाच वेळी चालले होते, त्यामुळे कागदांची प्लास्टिकची फाइल टेबलावरच होती. आमच्या घराचं वार्षिक उत्पन्न सात लाख ऐंशी हजार. एवढ्यावर मी मध्यमवर्गीय ठरतो का, हे सरकारी कागदांवरूनच एकदा लावून टाकावं, म्हणून मी फाइल उघडली.

सगळ्यात वर रेशनकार्ड. पांढरं. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डं आहेत. गरिबांना पिवळं, मधल्यांना केशरी, आणि वर्षाला एक लाखाच्या वर मिळवणाऱ्यांना पांढरं. म्हणजे महिन्याला साडेआठ हजार मिळाले की तुम्ही पांढरे. या हिशेबाने मी धनिक निघालो. मी खुर्चीत जरा रेलून बसलो.

त्याखाली मुलीच्या प्रवेशासाठी काढायचा दाखला. २०१९च्या १०३व्या घटनादुरुस्तीने आरक्षणाबाहेरच्या लोकांसाठी १० टक्के जागा आल्या, त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि फ्लॅट असेल तर तो हजार चौरस फुटांच्या आत. फ्लॅट आम्हाला नाहीच. या कागदावर मी ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’. मी सरळ बसलो.

मग म्हाडाचा फॉर्म. मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला सहा लाखांपर्यंत अत्यल्प, सहा ते नऊ अल्प, नऊ ते बारा मध्यम, पुढे उच्च. मुलीने मोबाइलवर माझा आकडा टाकला आणि मी ‘अल्प उत्पन्न गटा’त जाऊन पडलो.

“बघताना तर चांगल्या पगाराचा मुलगा म्हणाले होते तुमचे मामा,” बायको म्हणाली.

“थांब,” मी म्हणालो, आणि पंतप्रधान आवास योजनेची माहिती काढली. शहरी योजनेच्या नव्या टप्प्यात तीन लाखांपर्यंत दुर्बल, तीन ते सहा अल्प, सहा ते नऊ मध्यम. इथे मी मध्यम! तोच माणूस, तोच पगार, तेच भाड्याचं घर. राज्याच्या खिडकीत अल्प आणि केंद्राच्या खिडकीत मध्यम. मी तो मोबाइल तसाच बँकवाल्या काकांकडे न्यायला निघालो होतो. मुलीने अडवलं.

“बाबा, आयकर?”

२०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत आयकर नाही, आणि ही सवलत मध्यमवर्गासाठी म्हणून जाहीर झाली. म्हणजे इथे मी मध्यमवर्गीय आहे, पण करदाता नाही. तरी दुकानाच्या प्रत्येक पावतीवर जीएसटी माझ्या नावाने कापलेला असतोच.

खरी कसरत आठ लाखांच्या रेषेवर होती. आठ लाखांच्या खाली सर्वसाधारण गटातला माणूस ‘दुर्बल’, आणि त्याच आठ लाखांच्या वर ओबीसी कुटुंब ‘क्रीमी लेअर’. हा आकडा कसा काढला, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये सरकारला विचारलं होतं. समिती नेमली गेली आणि आकडा तोच राहिला. मुलीने कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. मला तीन टक्के पगारवाढ मिळाली तरी आम्ही रेषेपलीकडे जाणार. “म्हणजे तुम्हाला इन्क्रिमेंट मिळालं, की आपण एका रात्रीत सबल,” ती म्हणाली. त्या वर्षी साहेबांनी माझं काम समाधानकारक नसल्याचा शेरा मारला, तेव्हा घरात पेढे वाटायचेच काय ते राहिले.

आता उरली दारिद्र्यरेषा. ती आमच्यापासून लांब आहे, पण तिची गोष्ट मला चुटपुट लावून गेली. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये उष्मांकांच्या हिशेबाने देशातलं दारिद्र्य मोजलं. पुढे सुरेश तेंडुलकर समितीची पद्धत आली. तिच्या हिशेबाने २०११-१२ मध्ये शहरात माणशी दिवसाला ३३ रुपये खर्च करणारा गरीब नव्हता, आणि देशात सुमारे २७ कोटी गरीब होते. २०१४ मध्ये रंगराजन समितीने तीच रेषा शहरासाठी ४७ रुपयांवर नेली. त्याच वर्षाचे, त्याच देशातले गरीब सुमारे ३६ कोटी झाले. कोणाच्या ताटातला घास वाढला नाही की कमी झाला नाही. नऊ कोटी माणसं एका अहवालाने गरीब झाली, आणि त्यातल्या बहुतेकांना ते कळलंही नसेल.

माझ्या बाबतीत हा विनोद आहे, कारण अल्प काय आणि मध्यम काय, माझी चहाची वेळ चुकत नाही. पण ज्याच्या धान्याचा, मुलाच्या प्रवेशाचा, दवाखान्याच्या बिलाचा निकाल त्या एका शब्दावर लागतो, त्याच्यासाठी शब्द म्हणजे चर्चेचा विषय नसतो. रेषा कोणी आखली, कुठल्या साली आखली आणि कशासाठी आखली, यावर त्याचं घर चालतं. पक्षाला नोंदणी हवी असते म्हणून तो समाजवादी होतो, प्रवक्त्याला वाद जिंकायचा असतो म्हणून तूट लहान होते, आणि योजनेचा खर्च आटोक्यात ठेवायचा असतो म्हणून गरीब कमी होतात. शब्द तेच राहतात, त्यामागचं काम बदलतं.

वाचनालयाने मला पुन्हा बोलावलेलं नाही. एफडीचे प्रश्न घेऊन लोक आता बँकवाल्या काकांकडे जातात, आणि तेही “जरा थांबा” म्हणतात असं ऐकतो. माझा सल्ला तेवढा एकच उरला आहे, तो फुकट देतो. तुम्ही गरीब का, मध्यमवर्गीय का, डावे का, उदार का, असं तुम्हाला कोणी विचारलं, तर उत्तर द्यायची घाई करू नका. आधी फॉर्म कुठल्या खात्याचा आहे ते विचारा, आणि मागची बाजू उलटून अटी वाचा.